किसुमूचा सेवादौरा: आधी यजमानांची यादी, मग आपल्या बॅगा

वाचकाचं पत्र

आमची अहिल्यानगर जिल्ह्यातली मराठी मंडळी. तरुण संघ आणि महिला मंडळ मिळून आम्ही १४ जण ऑगस्टमध्ये १२ दिवसांसाठी केनियाला, किसुमूजवळच्या एका अँग्लिकन मंडळीकडे जाणार आहोत. तिथल्या पाळकांची ओळख एका परिषदेत झाली, त्यांनी प्रेमाने बोलावलं. आमच्यात सर्वांत लहान मुलगा १७ वर्षांचा आणि सर्वांत मोठ्या बाई ६२ च्या. एक डॉक्टर आणि दोन नर्स आहेत. त्यातल्या एकीने नंदुरबारकडे सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं, काम केलंय. बेत असा आहे: दोन दिवस मोफत वैद्यकीय शिबिर, शाळेची रंगरंगोटी, अनाथाश्रमाला भेट, मुलांसाठी व्हीबीएस (सुटीतली बायबल शाळा). सोबत ६० किलो औषधं आणि २०० किलो जुने कपडे न्यायचेत. दरडोई १,६०,००० रुपये खर्च धरलाय. काही वडील म्हणतात, निम्मे ट्रस्टच्या खात्यातून द्या. घरच्यांना मलेरियाची धास्ती आहे. तयारी कशी करू?
– तरुण संघाची सचिव

उत्तर

ताई, ख्रिस्तात सलाम.

तुमच्या बेतात चार कामं आहेत, पण त्यातलं एकही किसुमूच्या मंडळीने मागितल्याचं पत्रात दिसत नाही. तिकिटं काढण्याआधी हे करा. पाळकांना "तुम्हाला काय हवंय?" असं विचारू नका. पाहुण्याला आपण जसं "तुम्ही आलात यातच सगळं आलं" म्हणतो, तसंच तेही म्हणतील. त्याऐवजी विचारा: "आम्ही आलो नाही तरी ऑगस्टमध्ये तुम्ही काय काय करणार आहात? त्यात कुठे माणूस कमी पडतोय?" हाच प्रश्न तिथल्या मदर्स युनियनच्या (अँग्लिकन महिला संघटनेच्या) बायकांना, शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि दवाखाना चालवणाऱ्यांना वेगवेगळ्या कॉलवर विचारा. तीन ठिकाणी एकच गोष्ट ऐकू आली, तर ते तुमचं काम.

नगरच्या माणसांना हे पटवायला फार बोलावं लागू नये, कारण आपण दुसऱ्या बाजूने हे सगळं पाहिलंय. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले ते मराठी शिकायला बसले. १८९४ साली मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं, आणि ते पुढे टिकलं ते इथल्याच मुलामुलींना डॉक्टरी आणि नर्सिंग शिकवलं म्हणून. १२ दिवसांत यातलं काही होणार नाही. पण कोणाच्या हाताखाली काम करायचं, हे ठरवणं तुमच्या हातात आहे.

आता शिबिर. तुमच्या बेतातली सर्वांत जड गोष्ट हीच आहे.

केनियात बाहेरच्या डॉक्टरला रुग्ण तपासायचा असेल तर केनिया मेडिकल प्रॅक्टिशनर्स अँड डेंटिस्ट कौन्सिलचा तात्पुरता परवाना लागतो. नर्सना तिथल्या नर्सिंग कौन्सिलचा. चर्चच्या पटांगणात, फुकट, एकच दिवस तपासलं तरी हा नियम सुटत नाही. अर्ज तिथल्या नोंदणीकृत दवाखान्यामार्फत करा. पदवी, नोंदणीचा दाखला आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडून घेतलेलं सद्वर्तनाचं पत्र जोडावं लागेल, म्हणून हाताशी तीन महिने ठेवा. औषधं न्यायची तर फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डाची आयात परवानगी हवी. ती नसली तर ६० किलोच्या बॅगा नैरोबीच्या कस्टममध्येच अडकतील, आणि पहिला अख्खा दिवस तुमचे पाळकसाहेब तिथे खेटे घालत बसतील.

परवाने मिळाले तरी दुसरी अडचण राहतेच. समजा, शिबिरात पन्नाशीच्या एक बाई आल्या, रक्तदाब १८० वर ११०. तुमच्या डॉक्टरांनी अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमच्या ३० गोळ्या दिल्या. बाई खुश, फोटो निघाला. एकतिसाव्या दिवशी काय? दोन किलोमीटरवर सरकारी दवाखाना आहे, पण तिथल्या रजिस्टरमध्ये बाईंचं नाव नाही, आणि चिठ्ठी तुमच्या हस्ताक्षरात आहे. गोळी संपते, दाब पुन्हा चढतो, आणि "पाहुण्यांनी बरं केलं होतं" अशी समजूत मात्र मागे राहते. म्हणून शिबिराचा मांडव टाकू नका. डॉक्टरांनी दोन्ही दिवस तिथल्या दवाखान्याच्या ओपीडीत, तिथल्या क्लिनिकल ऑफिसरच्या शेजारी बसावं. क्लिनिकल ऑफिसर म्हणजे डॉक्टर नसलेला, पण तपासणी आणि उपचारांचं शिक्षण आणि परवाना असलेला अधिकारी. केनियाच्या खेड्यापाड्यांतली आरोग्यसेवा मोठ्या प्रमाणात यांच्यावर चालते. नोंद त्यांच्या रजिस्टरमध्ये, औषध त्यांच्या कपाटातलं, पुढची तारीख त्यांची.

औषधांसाठी ठेवलेले पैसे वाया जाणार नाहीत. केनियातल्या चर्चच्या दवाखान्यांना औषध पुरवणारी मेड्स नावाची संस्था नैरोबीत १९८६ पासून आहे, कॅथलिक बिशप परिषद आणि प्रॉटेस्टंट आरोग्य संघटना यांनी मिळून काढलेली. यजमान मंडळीचा दवाखाना तिथून माल घेत असेल, तर त्यांची नेहमीची मागणी यादी मागवा आणि तिच्यातल्या काही ओळींचे पैसे भरा. औषध त्यांच्या ओळखीचं, मुदत पुरेशी, लेबल त्यांना वाचता येणारं. आपल्याकडच्या मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हने दिलेले नमुने तर अजिबात नेऊ नका. दान दिलेल्या औषधाची मुदत पोहोचल्यावर निदान १२ महिने उरलेली असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे. नमुन्यांत ते क्वचितच जमतं.

खरी मोलाची गोष्ट तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलीत: नंदुरबारला काम केलेल्या नर्स. किसुमूकडे, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, सिकलसेल बराच आढळतो. कारण असं: हा दोष एकाच बाजूने, आई किंवा वडिलांकडून आला तर फॅल्सिपॅरम या मलेरियाच्या गंभीर प्रकारापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या पट्ट्यात तो पिढ्यान् पिढ्या टिकला. दोन्ही बाजूंनी आला की मूल आजारी. ताप आला की घरी थांबायचं नाही, पाणी भरपूर द्यायचं, थंडीत उघड्यावर न्यायचं नाही, हात-पाय सुजले तर काय करायचं, लग्न जुळवताना तपासणी का करायची: हे आईला न घाबरवता कसं सांगायचं, ते तुमच्या ताईंना येतं. तिथल्या नर्सना आणि आरोग्य सेविकांना अशाच गोष्टी विचारा आणि सांगा. दोन दुपार, चटईवर बसून, दहा-पंधरा जणी. तिथली मंडळी हो म्हणाली, तर तुमच्या दौऱ्यातलं सर्वांत टिकाऊ काम हेच ठरेल.

अनाथाश्रमाची भेट बेतातून काढून टाका. आडपडदा न ठेवता लिहितो. केनिया सरकारने २०१७ साली नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. २०२२ साली आलेल्या धोरणाचा रोख मुलांना संस्थेतून काढून घरी, नातेवाइकांकडे किंवा पालक कुटुंबात पाठवण्याकडे आहे. अशा संस्थांतल्या कित्येक मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात. गरिबीमुळे किंवा शाळेच्या आशेने मूल तिथे ठेवलेलं असतं, आणि पाहुणे येऊन देणगी देतात म्हणून संस्था भरलेली राहते. मुलांचं बोलाल, तर त्यांना दर महिन्याला नवे मावशी-काका मिळतात, कडेवर घेतात, निघून जातात. आपल्या लेकरांना आपण असं करू देणार नाही. त्याऐवजी मदर्स युनियनला विचारा: पुतण्या-भाच्यांना सांभाळणाऱ्या आजी-काकूंची कुटुंबं तुमच्या मंडळीत कोणती? त्यांची शाळेची फी, गणवेश, गादी यातलं काय भरायचं? ती यादी त्यांच्याकडे असते. पैसे मंडळीने द्यावेत, तुमच्या हाताने नकोत.

जुने कपडे नेऊ नका. केनियात जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे, त्याला मितुम्बा म्हणतात, आणि किसुमूतल्या किबुये बाजारात हव्या त्या मापाचा शर्ट स्वस्तात मिळतो. २०० किलोच्या जादा सामानाचं भाडं त्या कपड्यांपेक्षा महाग पडेल. रंगरंगोटीचं तसंच: ती करायची असेल तर स्थानिक फुंडी, म्हणजे कारागीर, मजुरीवर ठेवा आणि तुमच्या पोरांनी त्याच्या हाताखाली घासणं, पुट्टी, पाणी आणणं करावं. नाहीतर तुम्ही एकाची आठवड्याची रोजी हिरावून घेता आणि भिंतीही वेड्यावाकड्या रंगवता.

व्हीबीएसला मात्र ऑगस्ट चांगला. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, आणि ऑगस्टमध्ये दुसरं सत्र संपून सुटी असते. मुलं मोकळी असतात. (शाळेत जाऊन शिकवू, असं कोणाच्या डोक्यात असेल तर शाळा बंद मिळेल.) धडे तिथल्या रविवार शाळेच्या शिक्षकांनीच घ्यावेत, तुम्ही गाणी, हस्तकला, खेळ सांभाळा. साहित्य किसुमूतच विकत घ्या. इथे एक नियम लेखी करून सर्वांच्या सह्या घ्या: कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलाबरोबर एकटा नाही, कायम दोघे. मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय नाहीत, मुलाचं नाव आणि गाव लिहून तर नाहीतच. यजमान मंडळीची बालसुरक्षेची नियमावली मागवून वाचा आणि तीच पाळा. तुमच्या १७ वर्षांच्या मुलासाठी आई-वडील दोघांच्या सहीचं नोटरी केलेलं संमतीपत्र, त्यात सोबत जाणाऱ्या जबाबदार व्यक्तीचं नाव, दोन प्रती.

पैशांबद्दल वडिलांना प्रेमाने पण ठामपणे नाही म्हणा. धर्मादाय ट्रस्टचं उत्पन्न भारताबाहेर खर्च झालं, तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या परवानगीशिवाय त्यावर आयकराची सूट मिळत नाही. शिवाय ट्रस्टच्या उद्दिष्टांत परदेशातलं काम बसतं का, हा धर्मादाय आयुक्तांपुढे येणारा प्रश्न. एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांच्या, खात्याला तर हातही लावू नका. हा खर्च ज्याचा त्याने करावा. ज्यांना मदत करायची आहे त्यांनी त्या व्यक्तीला आपल्या खिशातून द्यावी आणि त्याची करसवलतीची पावती कोणी मागू नये. किसुमूच्या मंडळीला द्यायची देणगीही व्यक्तीच्या बँक खात्यातून, रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (एलआरएस, परदेशी पैसे पाठवायची सोय), देणगी असं कारण लिहून त्यांच्या बँक खात्यात जाऊ द्या. या योजनेची मर्यादा माणशी वर्षाला २,५०,००० डॉलर आहे, म्हणजे तुमचा प्रश्न मर्यादेचा नाही, कागदाचा आहे. पाळकांच्या वैयक्तिक खात्यात पैसे टाकू नका. माणूस कितीही भला असो, गावात त्याच्याकडे बोटं दाखवली जातात.

१,६०,००० च्या अंदाजात विमा आणि अडीनडीचे पैसे धरलेत का, ते पाहा. एकूण रकमेच्या दहा टक्के बाजूला हवेतच. विम्याच्या कागदात दोन कलमं शोधा: स्वयंसेवी श्रमाचं काम वगळलंय का, आणि आधीपासूनचे आजार वगळलेत का. गंभीर रुग्णाला विमानाने नैरोबीला हलवायची सोय एमरेफ फ्लाइंग डॉक्टर्सकडे असते, थोड्या मुदतीचं सदस्यत्व मिळतं, ते घ्या. डॉलरच्या रोख नोटा माणशी ३,००० पर्यंत नेता येतात, पण एवढ्या लागत नाहीत. नोटा नव्या आणि कोऱ्या घ्या. जुन्या आणि लहान नोटांना तिथे कमी दर मिळतो. उरलेलं फॉरेक्स कार्डावर. रोजचा व्यवहार एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याच्या सेवेवर, चालतो. पासपोर्ट दाखवून स्थानिक सिम घेतलं की गटाच्या खजिनदाराला ते वापरता येतं. पावत्यांचा हिशेब रोज रात्री.

कागदपत्रं. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवानगी, सुरू केली. अर्ज ऑनलाइन, प्रत्येकाचा स्वतंत्र, पासपोर्टची मुदत पोहोचल्यापासून निदान सहा महिने. प्रवासाचं कारण खरं लिहा आणि यजमानांचं निमंत्रणपत्र जोडा. थोड्या दिवसांच्या कामासाठी तिथे स्पेशल पास लागू शकतो. तुमच्या ठरलेल्या कामाला तो लागतो का, हे यजमानांच्या बिशप कार्यालयाने केनियाच्या इमिग्रेशन खात्याला विचारावं. "कशाला विचारायचं, पर्यटक म्हणून जाऊ" हा सल्ला कोणी देईलच, तो ऐकू नका. तिथल्या मंडळीने तुमच्यासाठी सही केलेली असते, अडचण आली तर ती त्यांच्यावर येते. हेच उलट दिशेनेही लक्षात ठेवा: उद्या तिथल्या पाळकांना तुम्ही इकडे बोलावलंत, तर टुरिस्ट व्हिसावर त्यांना व्यासपीठावरून प्रवचन करायला लावता येणार नाही. आणि पुढच्या वर्षी नेपाळचा विचार निघाला तर ताबडतोब थांबा. तिथे धर्मांतर करवणं हा गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि परदेशी माणसाची हकालपट्टी. एका देशातला बेत दुसरीकडे तसाच चालत नाही. केनियालाच पुन्हा जायचं झालं, तर २०२७ चा ऑगस्ट टाळा, तेव्हा तिथे सार्वत्रिक निवडणूक आहे.

घरच्यांच्या धास्तीला आता उत्तर. पहिलं काम पीतज्वराची (यलो फीवरची) लस. भारत केनियाहून येणाऱ्या प्रवाशाकडे तिचं प्रमाणपत्र मागतो. ते नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जातं. लस फक्त सरकारने नेमलेल्या केंद्रांवर मिळते, अपॉइंटमेंट लागते, कधी कुपी संपलेल्या असतात. प्रमाणपत्र टोचल्यावर दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. म्हणजे निघण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही, निदान सहा आठवडे आधी जा. पिवळ्या पुस्तिकेवरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक केंद्रावरच तपासून घ्या. ६२ वर्षांच्या बाईंसाठी आधी फिजिशियनचा सल्ला हवाच: साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेताना दुर्मीळ पण गंभीर त्रासाची शक्यता वाढते. अंड्याची तीव्र अॅलर्जी, गर्भारपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं हेही केंद्राला सांगा. डॉक्टरांनी लस नको म्हटलं, तर परत येताना काय होईल ते विमानतळ आरोग्य कार्यालयाला आधी विचारा, आणि मग त्यांनी यावं की नाही ते ठरवा.

मलेरिया. नैरोबी उंचावर आहे, तिथे धोका कमी; किसुमू सरोवराकाठी, तिथे वर्षभर आणि तोही फॅल्सिपॅरम. क्लोरोक्विन तिथे कामाची नाही. डॉक्टरांनी मलेरिया टाळायला डॉक्सिसायक्लिन लिहून दिली, तर रोज १०० मिलिग्रॅम, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून, तिथे रोज, आणि परतल्यावर चार आठवडे. जेवणानंतर, मोठा पेलाभर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. उन्हात कातडी लवकर भाजते, टोपी आणि पूर्ण बाह्या हव्यात. गर्भवतींना ही गोळी चालत नाही. चूक होते ती घरी आल्यावर: आता काय, आलो की, म्हणून सातव्या दिवशी गोळ्या बंद. म्हणून गटाच्या व्हॉट्सअॅपवर परतल्यानंतरचे २८ दिवस रोज रात्री "गोळी घेतली" असं प्रत्येकाने लिहायचं ठरवा. मच्छरदाणी औषध लावलेलीच. पुढच्या तीन महिन्यांत कोणालाही ताप आला, तर डॉक्टरकडे शिरतानाच सांगा, "केनियाहून आलोय, आजच मलेरियाची तपासणी करा." उद्यावर ढकलू नका.

सरोवरात पाय बुडवू नका. काठच्या उथळ पाण्यातल्या गोगलगाईंमुळे बिल्हार्झिया या आजाराचे जंतू कातडीतून शिरतात. बाप्तिस्म्याचा विधी सरोवरात असेल, तर तुम्ही काठावरून गाणी म्हणा.

बाकीचं थोडक्यात. मुंबई ते नैरोबी सहा तासांचं विमान. पुढे किसुमू साडेतीनशे किलोमीटर. रस्त्याने जायचं तर पहाटे निघा, सगळ्या सीटना पट्टे असलेली गाडी ठरवा, अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. तिथे पाहुण्यांना रोगराईपेक्षा रस्त्याचा धोका जास्त. ऑगस्टमध्ये नैरोबीत थंडी असते, स्वेटर हवा. प्लग तीन चौकोनी पिनांचे, आपले बसत नाहीत. आणि प्लास्टिकच्या पिशव्या: २०१७ पासून बंदी आहे, दंड प्रचंड. चिवडा, मसाला, चपला आपण सवयीने कॅरीबॅगमध्ये गुंडाळतो. निघायच्या आदल्या रात्री प्रत्येकाची बॅग उघडून बघा, कापडी पिशव्या द्या.

रविवारची उपासना लांब चालते. "ब्वाना आसिफिवे" असं कोणी म्हणालं की "आमेन" म्हणायचं. अर्थ, प्रभूची स्तुती असो. घरांत लुओ भाषा असेल, तिथे आभार मानायला "एरोकामानो" पुरतं. तुमच्यातल्या कोणाला बोलायला उभं केलं, तर दहा मिनिटांचं भाषण दुभाष्यामुळे वीस मिनिटांचं होतं. एकेक वाक्य छोटं, म्हणी-विनोद टाळून, आणि बोलणं इंग्रजीत तयार केलेलं. मराठीतून इंग्रजी आणि तिथून लुओ असा दुहेरी प्रवास करायला लावू नका. एक मराठी भजन मात्र जरूर म्हणा, ध्रुपद त्यांना शिकवा. काही खेड्यांतल्या मंडळ्यांत उपासनेनंतर अर्पणातली अंडी, मका, कोंबडी यांचा लिलाव होतो. बोली लावा, पण गावकऱ्यांच्या वर चढू नका. तुम्हालाच जिवंत कोंबडी भेट मिळाली तर दोन्ही हातांनी घ्या, डोकं लववा, आणि यजमानांच्या स्वयंपाकघरात द्या.

रस्त्यावर मुलं तुम्हाला "मुहिंदी" म्हणतील, म्हणजे हिंदुस्थानी. १९०१ साली रेल्वे किसुमूला पोहोचली, ती बांधायला हिंदुस्थानातून मजूर गेले होते, मागोमाग दुकानदार. आज तिथे मुहिंदी म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे दुकानाचा मालक उभा राहतो. म्हणून तुमच्या पोरांनी तिथे ताटं धुवावीत, पाणी भरावं, फुंडीच्या हाताखाली सँडपेपर मारावा. मुहिंदीला हाताखाली काम करताना त्यांनी फार कमी वेळा पाहिलं असेल.

आज रात्रीच पाळकसाहेबांना मेसेज टाका आणि तीन वेगळे कॉल ठरवा. उत्तरं आली की नवी यादी आम्हाला पाठवा; सिकलसेलच्या दोन दुपारी ठरल्या, तर त्यांचा आराखडा आपण मिळून करू.